आधी पैसा, मग नदी?

इचलकरंजीला प्यायला पाणी हवं आहे. शहर पंचगंगेच्या काठावर आहे, म्हणजे हा प्रश्न पडायलाच नको होता. तरीही गेली कित्येक वर्षं हे शहर इतरांच्या नद्यांकडे पाणी मागत फिरतं आहे. मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं. ते पुरेना, म्हणून ‘अमृत’ योजनेतून दानोळीहून वारणेचं पाणी आणायचं ठरलं. वारणाकाठ रस्त्यावर उतरला. मग सुळकूडहून दूधगंगेचं पाणी उचलायची योजना आली. कागलकडची गावं आडवी आली. एकाच जिल्ह्यातली माणसं पाण्यापायी एकमेकांसमोर उभी ठाकली. हे सगळं चालू असताना पंचगंगा शहराला लागूनच वाहते आहे. फक्त तिचं पाणी प्यायची कुणाची हिंमत होत नाही.

हे शहर गरीब आहे म्हणून असं झालं, असं कुणी म्हणू नये. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, संस्थानाधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी पाठबळ दिलं, आणि पुढच्या काळात इथं लाखाच्या वर माग उभे राहिले. महाराष्ट्राचं मँचेस्टर हे नाव शहराने कष्टाने मिळवलं. या मागांनी गावोगावच्या आणि परप्रांतांतून आलेल्या कामगारांच्या चुली पेटवल्या, घरं बांधली, पोरं शिकवली. ते ऋण मान्य केलंच पाहिजे. पण सुताला खळ द्यायला, कापड धुवायला, रंगवायला पाणी लागतं, आणि वापरून झालेलं पाणी कुठंतरी सोडावं लागतं. सायझिंगचं आणि प्रोसेसिंगचं पाणी काळ्या ओढ्यातून पंचगंगेत जात राहिलं. त्या ओढ्याला हे नाव कुणी कवीने दिलेलं नाही.

इचलकरंजी एकटी दोषी नाही, हेही सांगायला हवं. वरच्या अंगाला कोल्हापूर शहराचं मैलापाणी जयंती नाल्यातून नदीत उतरतं, साखर कारखान्यांची मळी येते, काठच्या गावांची गटारं येतात. म्हणजे इचलकरंजी वरच्यांनी घाण केलेलं पाणी घेते आणि त्यात स्वतःची भर घालून खाली सोडते. खाली शिरोळ तालुका आहे. तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच साचतो, नदीवर केंदाळ माजतं, पाण्यात उतरलं की अंगाला खाज सुटते, आणि गावागावांत कर्करोगाची धास्ती आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तेव्हा या सगळ्यांचा गाळ घेऊनच मिळते. शिरोळच्या शेतकऱ्याला कापडाच्या नफ्यातला पैसा मिळालेला नाही. त्याच्या वाट्याला फक्त पाणी आलं.

2012 साली खुद्द इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो माणसं आजारी पडली, काही दगावली. शंभर वर्षांच्या भरभराटीनंतर ही गोष्ट घडली, हे ध्यानात ठेवा.

ध्यानात एवढ्यासाठी ठेवायचं की आपल्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते: आधी वाढ होऊ द्या, पैसा येऊ द्या, मग पर्यावरणाचं बघू. कारखान्याच्या जनसुनावणीत कुणी नदीचा विषय काढला की लगेच कुणीतरी उठतं, “पोटाला भाकरी नाही आणि तुम्ही नदीचं काय घेऊन बसलात!” मंत्रालयात हेच वाक्य जरा मुलायम भाषेत बोललं जातं. या विचाराला अर्थशास्त्राचा आधार आहे, असंही सांगतात. तो आधार किती पक्का आहे, ते पाहू.

सायमन कुझनेट्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1955 साली विषमतेबद्दल एक अंदाज मांडला होता. देश गरिबीतून वर येताना विषमता आधी वाढते, पुढे घटते, असा. त्याचा विषय प्रदूषण नव्हता. 1991 साली अमेरिकेत मेक्सिकोशी मुक्त व्यापार करावा की नाही, यावर वाद चालला होता. त्या वेळी जीन ग्रॉसमन आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांनी अनेक देशांतल्या शहरांच्या हवेची आकडेवारी तपासली. सल्फर डायऑक्साइड आणि हवेतली काजळी उत्पन्नाबरोबर आधी वाढते, आणि माणशी उत्पन्न वर्षाला चार-पाच हजार डॉलरच्या घरात गेल्यावर उतरू लागते, असं त्यांना दिसलं. वर चढून खाली येणाऱ्या या रेघेला पुढे कुझनेट्सचं नाव चिकटलं, आणि मग साऱ्या जगातल्या अर्थखात्यांना ती आवडली. आवडणारच. ती सरकारला काहीच करायला सांगत नाही. थांबा म्हणते.

पण त्याच दोघांनी 1995 च्या त्यांच्या निबंधात स्पष्ट बजावलं होतं की हा उतार आपोआप येत नाही. उत्पन्न वाढलेल्या देशांत लोकांनी मागणी केली, सरकारांनी कायदे कडक केले, म्हणून प्रदूषण उतरलं. जागतिक बँकेच्या 1992 च्या विकास अहवालासाठी झालेल्या अभ्यासात तर आणखी एक गोष्ट दिसली होती: शहरांचा कचरा आणि कार्बनचं उत्सर्जन उत्पन्नाबरोबर वाढतच जातं, ते वळत नाही. जो धूर आपल्याच नाकात जातो तो माणूस आवरतो. जो दुसऱ्याच्या नाकात जातो, किंवा नातवंडांच्या, तो आवरत नाही. इतकी साधी गोष्ट समजायला आलेख लागत नाही, पण आलेखानेही तेच सांगितलं.

आता महाराष्ट्राकडे या. देशात सर्वांत मोठी अर्थव्यवस्था या राज्याची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा 351 पट्ट्यांपैकी 53 महाराष्ट्रातले निघाले. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. 2022 च्या यादीत देशातले पट्टे 311 वर आले आणि महाराष्ट्राचे 55 झाले. पुन्हा पहिला नंबर. आपल्याकडे नद्यांची तपासणी जास्त ठिकाणी होते म्हणून आकडा मोठा दिसतो, असं अधिकारी सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण चार वर्षांत देशाचा आकडा खाली येतो आणि आपला वर जातो, याचं उत्तर त्या खुलाशात नाही. बिहारचं माणशी उत्पन्न आपल्या कितीतरी खाली आहे, तरी त्याचे प्रदूषित पट्टे आपल्यापेक्षा कमी. पैशाने नद्या साफ होत असत्या तर आपण देशाला शिकवायला हवं होतं.

पुण्याचं उदाहरण घ्या. महापालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक दहा हजार कोटींच्या पुढे गेलेलं आहे. शिकलेली माणसं, संगणकाचे उद्योग, मोटारींचे कारखाने, सगळं आहे. मुळा-मुठेसाठी जपानच्या मदतीने सुमारे 990 कोटींची मैलापाणी शुद्धीकरणाची योजना केंद्राने 2016 मध्ये मंजूर केली. पैसा मंजूर होता, तंत्रज्ञान होतं, मुदत होती. योजना वर्षानुवर्षं रखडली. पुण्याचं सांडपाणी दरम्यान भीमेतून उजनीत जात राहिलं, आणि उजनीचं पाणी सोलापूर जिल्हा पितो. पुण्यातल्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, वरच्या बाजूचं. म्हणून पुणेकराला रात्रीची झोप लागते. नदीचा प्रवाह उलटा असता आणि उजनीचं पाणी शिवाजीनगरच्या नळाला आलं असतं, तर ती योजना दोन वर्षांत पुरी झाली असती याबद्दल मला शंका नाही.

श्रीमंत देशांचं काय, असं विचाराल. लंडनची थेम्स 1957 साली जीवशास्त्रज्ञांनी मृत ठरवली होती. पुढे सांडपाण्याची केंद्रं सुधारली, नियम आवळले आणि सत्तरच्या दशकात तिच्यात सॅमन मासा पुन्हा दिसला. उतार खरा होता. पण गोष्ट तिथं संपत नाही. 1989 मध्ये तिथल्या पाणीपुरवठा कंपन्या खासगी झाल्या, आणि मे 2025 मध्ये थेम्स वॉटर कंपनीला तिथल्या नियामकाने 12 कोटी 27 लाख पौंडांचा दंड ठोठावला. त्यातली मोठी रक्कम मैलापाण्याच्या व्यवस्थापनातल्या कसुरीपायी होती. मधल्या काळात ब्रिटन काही गरीब झालेला नाही. देखरेख ढिली पडली, एवढंच झालं. म्हणजे उतरलेली रेघ पुन्हा चढू शकते, आणि बँकेतले पौंड तिला अडवायला येत नाहीत.

शिवाय श्रीमंतांच्या नद्या साफ होण्याचं आणखी एक कारण आहे. त्यांचे कपडे आता दुसरीकडे रंगवले जातात. लंडनमधल्या दुकानातल्या बनियनचा रंग थेम्समध्ये सांडत नाही. तो तमिळनाडूतल्या नोय्यल नदीत सांडत होता.

नोय्यलच्या काठावर तिरुपूर आहे, होजियरीच्या निर्यातीचं देशातलं सर्वांत मोठं केंद्र. या शहराची हकीकत इचलकरंजीतल्या प्रत्येक प्रोसेसरने आणि प्रत्येक नगरसेवकाने वाचावी, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शेतीला पाणी मिळावं म्हणून खालच्या अंगाला ओरत्तुपाळयम इथं धरण बांधलं, ते 1992 च्या सुमाराला पुरं झालं. काही वर्षांतच त्यात रंगाच्या कारखान्यांचं खारं, रंगीत पाणी साठलं. अखेर शेतकऱ्यांवर अशी वेळ आली की धरणातलं पाणी आम्हाला सोडू नका, असं त्यांनीच सांगावं. दुष्काळी भागातला शेतकरी भरलेल्या धरणाचं पाणी नको म्हणतो, तेव्हा त्याच्या विहिरींची आणि जमिनीची काय दशा झाली असेल ते कळतं. निर्यात वाढत होती, परकीय चलन येत होतं. नदी मात्र वर्षागणिक बिघडत गेली. पैशामुळे तिच्यात कसलंही वळण आलं नाही.

वळण आलं ते शेतकरी मद्रास उच्च न्यायालयात गेले तेव्हा. न्यायालयाने 2006 मध्ये सांगितलं की रंगाच्या पाण्याचा एक थेंबही नदीत जाता कामा नये. पाणी शुद्ध करून पुन्हा कारखान्यातच वापरा. उद्योगाने मुदती मागितल्या, मिळाल्या, मोडल्या. जानेवारी 2011 मध्ये न्यायालयाने सातशेच्या वर रंगाचे कारखाने आणि त्यांची सामुदायिक शुद्धीकरण केंद्रं बंद करायचा हुकूम दिला. शहरात हाहाकार उडाला. कामगार गावी परतले, लहान कारखाने कायमचे मिटले. ही किंमत मोठी होती, आणि ती देणाऱ्यांत कामगार पुढे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण नंतर सरकारने कर्ज दिलं, तंत्रज्ञ कामाला लागले, आणि खाऱ्या पाण्यातलं मीठ वेगळं करून तेच रंगाईला पुन्हा वापरायची पद्धत तिथं बसली. आजही चोरून पाणी सोडणारे आहेत, गाळाचे ढीग आहेत. नोय्यल निर्मळ झाली असं मी म्हणणार नाही. मात्र पुढच्या दहा वर्षांत तिरुपूरची निर्यात रुपयांत दुपटीच्या आसपास गेली आणि नंतर आणखी वाढली. नियम पाळले तर धंदा बुडेल, ही ओरड त्या आकड्याने खोटी ठरवली.

तिरुपूर आणि इचलकरंजी, दोन्ही कापडाची शहरं. दोन्हीकडे रंगाचं पाणी, दोन्हीकडे खाली शेतकरी. फरक उत्पन्नाचा नाही. तिथं शेतकऱ्याला न्यायालयात असा हुकूम मिळाला की कारखान्याला कुलूप लागलं. आपल्याकडे मासे मेले की पंचनामा होतो, पाण्याचे नमुने घेतले जातात, नोटीस निघते, बंदचा आदेश निघतो, काही दिवसांनी वीजजोडणी पूर्ववत होते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मासे मरतात.

गरिबीत पर्यावरणाचा कायदा परवडत नाही, हेही खरं नाही. शिसं असलेलं पेट्रोल अमेरिकेने टप्प्याटप्प्याने कमी करत 1996 मध्ये पूर्ण बंद केलं. भारताने 2000 मध्ये. आपलं माणशी उत्पन्न तेव्हा अमेरिकेच्या पासंगालाही पुरत नव्हतं, पण दोन्ही निर्णयांमध्ये अंतर पडलं चारच वर्षांचं. आपण त्या रेघेच्या टोकावर पोचायची वाट पाहिली असती, तर आणखी एक पिढी रक्तात शिसं घेऊन वाढली असती. दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आल्या त्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, दिल्लीकरांचा पगार वाढला म्हणून नव्हे.

उलट दिशेचा दाखलाही ताजा आहे. औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा बसवा, असा नियम केंद्राने डिसेंबर 2015 मध्ये केला. मुदत दोन वर्षांची. ती वाढत वाढत गेली, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, खर्च अफाट आहे, वीज महागेल, अशी कारणं दिली गेली. या दहा वर्षांत देशाची अर्थव्यवस्था किती वाढली याचे फलक आपण चौकाचौकांत वाचले. वाढत्या उत्पन्नाबरोबर नियम कडक होतात, असं ती रेघ सांगते. इथं उत्पन्न वाढलं आणि नियम सैल झाला. चंद्रपूरच्या माणसाने त्या रेघेवर कशासाठी विश्वास ठेवावा? 2009 च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात त्याचं शहर देशात चौथं होतं, राज्याला वीज पुरवता पुरवता.

वाढ नको, असं माझं म्हणणं नाही. माग बंद पडले तर इचलकरंजीत सर्वांत आधी कामगाराच्या घरातली चूल विझेल, आणि त्या कामगाराच्या नळाला आजही काही दिवसांआड पाणी येतं. पण पाणी साफ करण्याचा खर्च कापडाच्या किमतीत धरलेला नसेल, तर तो खर्च नाहीसा होत नाही. तो शिरोळच्या दवाखान्यात भरला जातो. कारखानदाराच्या वहीत जो नफा दिसतो, त्यातला काही भाग त्या दवाखान्याच्या बिलाचा आहे. ज्यांनी हे बिल भरलं त्यांना कुणी विचारलेलं नाही, आणि राज्याच्या सकल उत्पन्नात तर ते बिलसुद्धा वाढ म्हणूनच मोजलं जातं.

इचलकरंजीची पाण्यासाठीची पायपीट मला म्हणूनच फार मोठ्या गोष्टीचा छोटा नमुना वाटते. आपली नदी नासवायची, पैसा जोडायचा, आणि मग त्या पैशाने दुसऱ्याच्या स्वच्छ नदीला नळ जोडायचा. श्रीमंत देशांनी जगाशी हेच केलं, पुणे सोलापूरशी हेच करतं. जो काठ अजून स्वच्छ आहे तिथला माणूस उद्या नाही म्हणणारच. दानोळीने म्हटलं, कागलने म्हटलं. त्यांना आडमुठे ठरवणं सोपं आहे, पण वारणा आणि दूधगंगा राखलेल्यांना पंचगंगेची दशा समोर दिसते आहे. त्यांची भीती खरी आहे.

शहराला पिण्याचं पाणी मिळालंच पाहिजे. त्यावर वाद नको. पण नव्या नळयोजनेच्या मंजुरीतच काळा ओढा बंद करण्याची तारीख लिहिलेली असावी, आणि ती चुकली तर कुणाची वीज कधी तुटेल तेही लिहिलेलं असावं. प्रत्येक प्रोसेसिंग कारखान्याच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला मीटर असावा, आणि त्याचा रोजचा आकडा शिरोळच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लागावा, कारण तो वाचण्याची सर्वांत जास्त गरज तिथल्या लोकांना आहे. कोल्हापूर महापालिकेलाही हीच अट लागू करा. शहर मोठं म्हणून सवलत नको. लहान कारखान्यांना शुद्धीकरणाचा खर्च झेपत नसेल तर सरकारने तमिळनाडूसारखं बिनव्याजी कर्ज द्यावं. तो पैसा दुसऱ्या नदीपर्यंत नळ टाकण्यापेक्षा कारणी लागेल.

यात नवं काही नाही. गंगेकाठच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1987 सालीच सांगून ठेवलं आहे की ज्या उद्योगाला कामगारांना किमान वेतन देणं परवडत नाही त्याला जसा चालू राहण्याचा हक्क नाही, तसाच आपलं सांडपाणी शुद्ध करणं ज्याला परवडत नाही त्यालाही नाही. पंचगंगेच्या काठावर त्या निर्णयाची अंमलबजावणी अजून व्हायची आहे.